बेडका

आमच्या घरात खोकला कुणाला होत नाही. होतो तो ठसका. घराला लागूनच तंबाखूची वखार आहे, तीही आमचीच. माल हलवायला लागले की बारीक पिवळी धूळ घराच्या पुढच्या सोप्यापर्यंत येते आणि घरातलं माणूस न् माणूस ठसकायला लागतं. पाहुण्यांसमोर झालं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, हसून सांगतात, "तंबाखूचा ठसका हाय हो. ह्याच्यावर तर घर चाललंय." पाहुणेही हसतात आणि विषय मिटतो. त्या वर्षी दिवाळीपासून आईचा खोकला याच हसण्याखाली दडपलेला होता. मला त्याचा राग येई. पण आई निपाणीला, मी बेळगावात, आणि शनिवारी घरी गेले की तिचं आपलं ठरलेलं वाक्य, "काय होत न्हाय गं मला. धुळीचं हाय."

बेळगावात मी मेडिकल मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करत होते, दुसऱ्या वर्षाला होते. हा विषय मी हट्टानं घेतला होता. घरच्यांना बी.एड. चाललं असतं, लग्नाच्या बाजारात शिक्षिका पटकन खपते. माझ्या विषयाचं नाव घरात कुणाला धड घेता येत नसे, म्हणून अण्णा लोकांना "लॅबचं करतीय" एवढंच सांगत. मला मात्र त्याचं वेड होतं. आई संध्याकाळी दुधाला विरजण लावते आणि सकाळी दही झालेलं असतं, तसंच ते. फक्त इथे विरजण कुणाचं, ते शोधून काढायचं असतं. काचेच्या बशीत रात्रीत उगवलेले ठिपके पहिल्यांदा बघितले तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, आयुष्यभर हेच.

आणि मग मला खिडकी मिळाली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिथे पेशंट तपासणीसाठी डब्या आणून देतात, तिथली ती खिडकी. वरती काच, काचेला खाली अर्धगोल भोक, बाहेर रांग. आत एक स्टूल, माझ्या तोंडावर मास्क, आणि मागे बंद दार. आमच्या विभागाचे सर बंगळूरकडचे. माझ्याबरोबरची मुलं केरळची नाहीतर बंगळूरची. मराठी कुणालाच नाही आणि पेशंट तर येणार खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडून. सर म्हणाले, "तुला मराठी, कन्नड दोन्ही येतात, आठवडाभर तू बस." तो आठवडा वर्ष संपेपर्यंत संपला नाही. बाकीचे वरच्या मजल्यावर जंतू वाढवत होते आणि मी खाली बसून लोकांना खोकायला शिकवत होते. दोन भाषा येणं हा गुण आहे असं मला लहानपणापासून सांगितलं होतं. गुणाला असं साखळदंड लावतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

खिडकीवरची पाटी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. मी सरांना विचारलं, मराठीतही एक कागद लिहून चिकटवू का? ते दोन्ही हात हलवत म्हणाले, "नको नको, उगाच कुणाचं तरी डोकं फिरेल. तू तोंडानं सांग." येळ्ळूरचे एक आजोबा होते, ते दर वेळी पाटीकडे बघून कुरकुरायचे.

"मराठीत का न्हाई लिवलं?"

"मी हाय की, आजोबा."

"म्हंजे तू बोर्ड हाईस व्हय?"

होतेच की. आणि बोर्डाला जेवायला सोडतात, पण काढून कुणी दुसरीकडे लावत नाही.

या बोर्डानं पहिल्याच दिवसापासून चूक केली. टी.बी. बघायचा तर छातीतून सुटलेला घट्ट कफ लागतो, तोंडातली लाळ चालत नाही. कन्नड बोलणाऱ्यांना मी "कफ" म्हणत होते आणि ते बरोबर आणत होते. मराठी माणसांना मात्र "थुंकी द्या" म्हणत होते. मी थुंकी मागितली, त्यांनी थुंकी दिली. पांढरी, फेसाळ, पाण्यासारखी. वरून फोन येऊ लागले, हे परत पाठव, तेही परत पाठव. केरळची एक मुलगी मला म्हणाली, तुझ्या मराठी लोकांना छातीच नसते का? मी लालबुंद झाले. कारण खरा शब्द मला माहीत होता, शाळेत असल्यापासून माहीत होता. बेडका. पण आमच्या घरात तो शब्द कुणी तोंडात धरत नाही. चांगल्या घरच्या बायका तो काढत नाहीत आणि त्याचं नावही घेत नाहीत. लहानपणी एकदा मी जेवताना तो शब्द बोलले तर आईनं तोंड धुवायला उठवलं होतं.

शेवटी येळ्ळूरच्या आजोबांचीच डबी तिसऱ्यांदा परत आली आणि ते चिडून निघायला लागले, तेव्हा मी डोळे मिटले आणि भोकातून ओरडले, "आजोबा, थुंकी नको, बेडका द्या, बेडका!" सगळी रांग हसली. आजोबा थांबले, "मग आधी का न्हाई बोललीस?" म्हणाले आणि मागच्या मोकळ्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन असा खणखणीत खोकून आले की काय सांगू. त्यानंतर मी दिवसभर तो शब्द ओरडत असे. अगदी न लाजता. पण शनिवारी निपाणीच्या बसमध्ये बसले की तो आपोआप गिळला जायचा.

गिळणं हे आईचंही काम. तिला खोकल्याची उबळ आली की ती तोंडाला पदर लावायची, डोळ्यांत पाणी यायचं, गळ्याची शीर तटतटायची, आणि मग एक घोट. झालं. मी तिच्याकडे खिडकीवरच्या नजरेनं बघायला लागले तेव्हा मला हे दिसलं. त्याआधी वीस-बावीस वर्षं डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, ती खोकला आला की मागच्या खांबाशी जाऊन उभी राही. तिथेही गिळेच. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, थुंकून टाक की गं." तर म्हणाली, "थुंकल्याव त्यात जीव हुत्यात. उगीच पाप कशाला?"

"हुत न्हाईत, आधीच असत्यात," मी म्हटलं. "तेच बघायचं शिकतीय मी."

ती हसली. पण मी गंमत करत नव्हते. ती वाळली होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. सूर्य मावळायच्या आत जेवायची आमची पद्धत. ती ताट वाढून घ्यायची आणि अर्धं तसंच ठेवायची. मी अण्णांना म्हटलं, तिला बेळगावला घेऊन चला, छातीचा फोटो काढू. अण्णांनी दाराकडे बघितलं. धाकट्या बहिणीची सोयरीक चालली होती, सांगलीकडचे पाहुणे, बोलणी जवळजवळ पक्की. अण्णा म्हणाले, "एवढं हू दे. मग काढू की फोटो." ते वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की खोकला थांबेल, पाहुणे थांबणार नाहीत.

मी डबी घेऊन गेले. फोटो काढायला गेलं की गावभर होतं, डबी माझ्या पिशवीत मावते. स्वयंपाकघरात आईला एकटीला गाठून सांगितलं, सकाळी उठल्यावर चूळ भर, मोठा श्वास घे, छातीतून खोक आणि... "आणि काय?" ती म्हणाली. मी म्हटलं, "आणि जे येईल ते ह्यात टाक." रोज शंभरदा ओरडून बोलायचा शब्द, आणि मला तिच्यासमोर "जे येईल ते" म्हणावं लागलं. सोमवारी पहाटे तिनं झाकण घट्ट लावलेली डबी माझ्या हातात दिली, वर एक पिशवी, वर आणखी एक पिशवी. तोंडावर कसला शांत भाव होता. मला वाटलं, सुटले.

बेळगावात डबी उघडली आणि बघता क्षणीच कळलं. तरी मी वर गेले, काचपट्टी केली, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गालाच्या आतून सुटलेल्या मोठाल्या पसरट पेशी, एकीवर एक, आणि बाकी काही नाही. नुसती लाळ. अशी डबी खिडकीवर आली असती तर मी न बघता परत केली असती. बरं, आई न कळणाऱ्यातली नव्हे. मी काय मागतेय ते तिला पक्कं कळलं होतं. तिनं ठरवून लाळ दिली होती, म्हणजे तपासणीत काही निघणार नाही, मी गप्प बसेन, आणि धाकटीचं लग्न पार पडेल. माझी आई माझ्याच विषयात मला फसवत होती.

पुढच्या शनिवारी ती दारातच म्हणाली, "काय न्हाय निघालं न्हवं?"

"काय निघणार? लाळ दिलीस तू."

"म्हंजे न्हायच की." आणि आत जाऊन तिनं अण्णांना सांगितलं, तपासून झालं, काय न्हाय म्हणे. अण्णांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला पुढे बोलता येईना. बोलले असते तर सोप्यात बोलावं लागलं असतं, बहिणीसमोर, आणि पलीकडे वखारीत माणसं. त्या घराला भिंती आहेत पण कान झाकतील अशा नाहीत. मी जेवले नाही. बेळगावात काचेमागे, निपाणीत दारामागे, मी जाईन तिथे कुणीतरी मला आत बसवून बाहेरून कडी घालत होतं असं वाटायचं. आणि आई तर माझ्याही आत, आणखी एका खोलीत.

फोन धाकटीचा आला. साड्यांचं, पाहुण्यांचं, असलं काहीबाही बोलत होती. मधेच थांबली, खोकली, आणि हसत म्हणाली, "आक्का, मलाबी ठसका लागलाय बघ."

ती रोज आईच्या शेजारी झोपते.

मी म्हटलं, आईला फोन दे. आई आली. आणि तिथे मी काय केलं ते आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून कन्नड आलं. आईचं माहेर चिकोडीकडचं, कन्नड बोलणारं. माहेरी फोनवर बोलताना ती मोठ्यानं हसते, भांडतेसुद्धा. मराठीत तिला तसं हसताना मी ऐकलेलं नाही. मराठीत ती लग्न होऊन आली आणि पदर घेऊनच बोलत राहिली. आमच्याशी ती कन्नड कधी बोलली नाही. मला येतं ते आजोळच्या सुट्ट्यांमुळे. मी तिला कधीच न मारलेली हाक मारली, अव्वा म्हटलं. कन्नडमध्ये आईला म्हणतात तसं, आणि कुठल्याही वयस्कर बाईलाही. कन्नडमधून सांगितलं, अव्वा, धाकटीला झालाय तो ठसका नव्हे. तुला ठाऊक आहे.

तिनं फोन ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात घरचे सगळे साखरपुड्याच्या खरेदीला बेळगावात आले. मी खिडकीवर होते, मला सुटी नव्हती. दुपारी रांग संपत आली होती आणि मान खाली घालून मी म्हटलं, "पुढे या." अर्धगोल भोकातून एक हात आला. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला विळीनं कापल्याचा जुना व्रण. मी वर बघितलं. आई होती, तोंडावर पदर, एकटी. अण्णा आणि धाकटी खडेबाजारात दुकानात बसले होते. "तुम्ही साड्या बघा, मी पोरीचं हॉस्टेल बघून येतो," असं त्यांना सांगून ती निघाली होती. आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात.

मी नाव विचारलं. मला दुसरं काय विचारावं ते सुचेना. तिनं माहेरचं नाव सांगितलं. गावही माहेरचं. मी लिहिलं. तिच्या मागे अजून दोन माणसं उभी होती. मी उठून बाहेर जाऊ शकले असते, तिला हाताला धरून शेडपर्यंत नेऊ शकले असते. पण माझी खात्री होती, मी आई म्हणून हाक मारली की ती पुन्हा घरची होईल आणि गिळेल. म्हणून मी स्टुलावरच बसले आणि तिला कन्नडमधून, बाकीच्या बायकांना सांगते तसं, अहोजाहो करून सगळं सांगितलं. चूळ भरा. श्वास घ्या. छातीतून खोका. आणि शेवटी, भोकाला तोंड लावून, "नुंगब्याड्री, अव्वा." गिळू नका.

शेड खिडकीच्या मागच्या बाजूला आहे, दिसत नाही. आवाज मात्र येतो. रोज ऐकत असे मी ते आवाज, तिकडे लक्ष न देता. त्या दिवशी आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बारीक, पदरातलं खोकणं. मग थांबलं. मी खिडकीवरच्या माणसाची डबी हातात धरून तशीच बसले होते, तो म्हणाला, "बाई, घ्या की." आणि मग आईचा खोकला सुटला. इतका खोलवरून आलेला आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. कितीतरी वेळ तो चालला होता. मला रडू येत होतं आणि मास्कच्या आत नाक वाहायला लागलं होतं, तेही पुसता येईना.

ती परत आली तेव्हा घामानं भिजली होती. डबी भोकातून आत सरकवली. घट्ट, पिवळट, आणि कडेला लालसर रेघ. एकही शिकवलेलं माणूस इतका नीट नमुना आणत नाही. ती माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "आता बरोबर हाय काय?"

"बरोबर हाय," मी म्हटलं.

"मग जातो. ते दोघं वाट बघत असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना म्हटलं, आज खिडकीवर बसणार नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दुसऱ्या कुणाला तरी खाली पाठवलं. मी वर गेले, पट्टी घेतली. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या. शोधाव्या लागल्याच नाहीत, नजर जाईल तिथे होत्या. मी आयुष्यभर हेच बघायचं ठरवलं होतं ना, मग घे बघ. सरांनीही बघितलं आणि मान हलवली. पेशंट कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, फोन कर, आत्ताच, औषध आजच सुरू करता येईल.

मी खाली आले. खिडकीजवळच्या व्हरांड्यात उभी राहून फोन लावला. आईनंच उचलला. मागे अण्णांचा आवाज येत होता, कुणाला तरी पोत्यांचं काही सांगत होते.

"अव्वा," मी म्हटलं, "सिक्तु." सापडलं.

मला वाटलं आता ती "बरं, बरं" म्हणेल, फोन ठेवेल, आणि मला पुन्हा शनिवारपर्यंत थांबावं लागेल. पण तिनं फोन कानापासून लांब नेलेला मला कळला, कारण तिचा आवाज लांबून आला, आणि तो मराठीत होता. मोठा होता, माहेरच्याशी बोलतानाच्या आवाजासारखा.

"ऐकलासा काय? पोरीनं काढलंय शोधून. माझ्या बेडक्यात टी.बी. सापडलाय."

तो शब्द आमच्या सोप्यात.

अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. वखारीत माणसं हाईत."

"असू देत. त्यास्नीबी खोकलाच हाय."

मग ती पुन्हा फोनवर आली. "धाकटीला घिऊन उद्या येतो," म्हणाली. "तिचंबी बघ." पुढे काहीतरी बोलायला गेली आणि तिला उबळ आली. या वेळी पदर नव्हता, आवाज थेट माझ्या कानात. फोन हातात तसाच घेऊन ती चालायला लागली. पायातल्या जोडव्यांचा फरशीवरचा आवाज मी ओळखते, ती मोरीकडे निघाली होती. मी भान सोडून व्हरांड्यात ओरडले, "आई, मोरीत नको! झाकणाच्या डब्यात थुंक, डब्यात!" खिडकीवरची सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली.

"कळतंय गं," आई खोकता खोकता म्हणाली. "वरडू नगंस. हाय हातात डबा."

आणि ती थुंकली. मी ऐकलं.